‘पडीक’ जागेवरून चार किलोमीटर

बाल्टिमोर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? माझ्या ग्रुपमधल्या दहापैकी आठ जणांचं उत्तर एकच, ‘द वायर’! ड्रग्ज, पोलिसांच्या गाड्या, काळोखे कोपरे. त्यातला 2003 चा दुसरा सीझन तर अख्खा गोदी कामगारांवर आहे. मी तो दोन रात्रींत संपवला होता. आणि तो बघताना एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की शेजारच्या खोलीत घोरत पडलेला माणूस सदतीस वर्षं मुंबईच्या गोदीत होता.

तो माणूस म्हणजे आमचे बाबा. टॅली क्लार्क. बोटीतून किती गोणी उतरल्या, किती पेट्या चढल्या, हे उभं राहून मोजायचं आणि कागदावर रेघा मारायच्या. चार उभ्या, पाचवी आडवी. कॉलेजात कुणी विचारलं तर मी ‘पोर्ट ट्रस्टमध्ये आहेत’ असं मोघम सांगायचे. ऐकायला ऑफिसर वाटतं, यू नो.

आता खरी कबुली. दोनेक वर्षांपूर्वी मी एका मासिकासाठी मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर फीचर केलं होतं. पोर्टकडची सुमारे 1800 एकर जमीन, तिथं होऊ शकणारा प्रोमेनेड, मरिना, कॅफे, सायकल ट्रॅक. कम्प्युटरवर काढलेली चकाचक चित्रं. मी जाम खुशीत होते. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, ‘वर्षानुवर्षं पडीक असलेली ही जमीन...’ बाबा माझं छापून आलेलं सगळं वाचतात, कात्रण काढतात आणि फाइलला लावतात. या लेखाचं कात्रण फाइलमध्ये नव्हतं. मीही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची पद्धत आहे.

ऑक्टोबर 2024 मध्ये दादाने आम्हा दोघांना बाल्टिमोरला बोलावलं. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच घराबाहेर पडत होते, आणि तेही थेट अमेरिकेला. पहिला आठवडा टीव्हीसमोर गेला. मग एका शनिवारी मी ठरवलं, यांना वॉकला न्यायचं. गाइड नाही, टूर बस नाही. नकाशाची प्रिंट, पाण्याच्या दोन बाटल्या आणि वहिनीने बळेच दिलेला ठेपल्यांचा डबा.

(टिप हवी असेल तर : फेडरल हिलपासून सुरुवात करा आणि फेल्स पॉइंटला संपवा. साधारण चार किलोमीटर. पाण्याच्या कडेकडेने जाणारा पूर्ण प्रोमेनेड याहून बराच मोठा, सुमारे सात मैलांचा आहे, पण वडील सोबत असतील तर एवढा पुरे. शूज चांगले घाला. शेवटच्या टप्प्यातले जुने दगडी रस्ते हील्सचा बदला घेतात.)

फेडरल हिल ही छोटीशी टेकडी. पायऱ्या चढून वर गेलं की अख्खं इनर हार्बर पोस्टकार्डासारखं समोर उलगडतं. विटांचा प्रोमेनेड, काचेच्या इमारती, आय. एम. पेई यांनी डिझाइन केलेलं 1977 चं पाच बाजूंचं वर्ल्ड ट्रेड सेंटर. मी फोटो काढत सुटले. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले.

‘‘पाणी आहे, धक्का आहे. बोट कुठंय?’’

मी मोठ्या उत्साहाने जुनी शिडाची युद्धनौका दाखवली, ‘कॉन्स्टेलेशन’, 1854 ची. ‘‘ती म्युझियम झाली, बाय. मी बोट म्हणतोय,’’ ते म्हणाले.

उत्तर सोपं आहे. बोटी मोठ्या होत गेल्या, कंटेनर आले, इथलं आतलं बंदर त्यांना पुरेना. काम डंडॉक आणि सीगर्टच्या टर्मिनल्सवर गेलं. मागे उरले कुजणारे धक्के. मी हे सगळं वाचून गेले होते आणि बाबांना समजावून सांगू लागले. कंटेनर म्हणजे काय, हे मी त्यांना सांगत होते! 1989 मध्ये न्हावा शेवा सुरू झालं आणि आमच्या बाजूच्या टोळ्यांची कामं आटू लागली, हे ज्यांनी रोज शेडमध्ये उभं राहून बघितलं त्यांना. त्यांनी ‘हं’ केलं. सभ्य माणूस.

खाली उतरून आम्ही हार्बरप्लेसपाशी आलो. जेम्स राउस नावाच्या डेव्हलपरने बांधलेले हे दोन पॅव्हेलियन 2 जुलै 1980 ला उघडले आणि म्हणे गर्दीने शहर वेडं झालं. गोदी मेली तरी काठ जगवता येतो, हा फंडा इथून जगभर गेला. माझ्या त्या लेखातसुद्धा हार्बरप्लेसचा उल्लेख होता, अर्थात न बघता केलेला. आता समोर होतं ते काय? बंद शटर्स, रिकामी दुकानं, काचेवर चिकटवलेले कागद. 2019 मध्येच कोर्टाला इथं रिसीव्हर नेमावा लागला होता. आम्ही परतलो त्यानंतर नोव्हेंबरात मतदारांनी ही जागा नव्याने, राहण्याच्या टॉवर्ससकट, विकसित करायला मंजुरी दिली.

‘‘ऐंशी साली उघडलं?’’ बाबांनी विचारलं. ‘‘मी ऐंशीलाच लागलो. यलो गेटला.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘माझी नोकरी जास्त टिकली म्हणायची.’’

मला हसू आलं आणि लाजही वाटली.

त्याच रस्त्यावर, लाइट स्ट्रीटला, पूर्वी मॅककॉर्मिक कंपनीचा मसाल्याचा कारखाना होता. 1989 मध्ये तो पाडला. त्याआधी हार्बरभर दालचिनीचा वास असायचा, अशी आठवण इथले जुने लोक आजही काढतात. मी हे नकाशामागच्या टिपणातून वाचून दाखवलं आणि बाबा चालता चालता थांबले. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. ‘‘लवंगेची बोट लागली की आठवडाभर शर्टाला वास. तुझी आई शर्ट वेगळे भिजवायची.’’ मग सुरूच झाले. खजुराच्या पेट्यांभोवती घोंघावणाऱ्या माशा, गंधकाच्या बोटीवर चुरचुरणारे डोळे, पाऊस आला की हॅच झाकायची धावपळ, विंचमनच्या शिव्या. मी मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेली बाई. लोकांना बोलतं करणं हा माझा धंदा. अठ्ठावीस वर्षांत यांना एकदाही बोलतं केलं नव्हतं.

पुढचे पिअर्स आम्ही भराभर मागे टाकले. अ‍ॅक्वेरियमचं तिकीट बाबांना परवडणाऱ्यातलं वाटलं नाही. त्याचा किस्सा मात्र आवडला. 1981 मध्ये ते वेळेत उघडलं नाही, म्हणून शब्द दिलेले मेयर विल्यम डोनाल्ड शेफर जुन्या पद्धतीचा पट्ट्यापट्ट्यांचा पोहण्याचा ड्रेस घालून, हातात रबरी बदक घेऊन सीलच्या टाकीत उतरले! ‘‘आपल्याकडे असं केलं तर टाकीत जागा उरणार नाही,’’ बाबांची कॉमेंट. त्याच्या पुढे ओढ्याच्या तोंडाशी मिस्टर ट्रॅश व्हील. प्रवाहावर आणि सौरऊर्जेवर चालणारं हे चाक 2014 पासून पाण्यातला कचरा गिळतंय. त्याला मोठे गरगरीत डोळे लावलेत. एकदम सही प्रकार. मिठी नदीला असा एक हवाच.

फेल्स पॉइंट आलं तेव्हा ऊन उतरत होतं. विटांची बुटकी घरं, पब, दगडी रस्ता. साठच्या दशकाच्या शेवटी इथून हायवे न्यायचं ठरलं होतं. रहिवासी भांडले, म्हणून हे सगळं उरलं. त्या भांडणातली एक बाई, बार्बरा मिकुल्स्की, पुढे सिनेटर झाली.

इथल्या धक्क्यावर फ्रेडरिक डग्लस यांचं ब्राँझचं भलंमोठं शिर आहे. गुलाम म्हणून इथल्या जहाजांच्या कारखान्यांत ते राबले. फळ्यांच्या फटींत काथ्या-डांबर ठासून बुजवण्याचं काम. आठवड्याची मजुरी मालकाच्या हातात ठेवायची. 1838 मध्ये खलाशाचे कपडे घालून, उसनी कागदपत्रं घेऊन ते इथून पळाले. आणि शेजारच्या इमारतीत आयझॅक मायर्स यांची गोष्ट. 1865 मध्ये गोऱ्या कामगारांनी संप करून कृष्णवर्णीय कामगारांना कारखान्यांतून हुसकावलं, तेव्हा मायर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी शेअर विकून पैसा उभा केला आणि स्वतःची गोदी काढली. ती 1884 पर्यंत चालली. बाबांनी हा भाग मला दोनदा वाचायला लावला. ‘‘शेअर कितीला विकला, लिहिलंय का?’’ युनियनचा माणूस, हिशेब आधी.

मग आम्ही बाकावर बसलो, ठेपले काढले. समोर पाण्यापलीकडे डॉमिनोचा साखर कारखाना. 1922 पासून आहे आणि अजून चालतो. वर लाल अक्षरांची ती प्रसिद्ध पाटी. आणि कारखान्याच्या धक्क्याला, कमाल म्हणजे, एक बोट लागलेली होती. खरीखुरी, गंजकी, कच्ची साखर घेऊन आलेली.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांची नजर बंदराच्या तोंडाकडे गेली. 26 मार्च 2024 च्या पहाटे तिकडेच ‘डाली’ जहाज धडकून फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला होता. घरी असताना त्यांनी ती बातमी दिवसभर लावून ठेवली होती. जहाजावरचे एकवीस खलाशी, त्यातले वीस भारतीय. आणि पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार, जे वाचले नाहीत. ‘‘रात्रपाळीची माणसं,’’ ते म्हणाले. ‘‘सकाळी तिथून जाणाऱ्याला वाटणार, रस्ता आपोआपच नीट होतो.’’

थोड्या वेळाने, ठेपल्याचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता, ‘‘पडीक म्हणजे गं काय, बाय?’’

मी काय बोलणार होते? एडिटिंगमध्ये गेलं असेल, असं तोंडावर आलं होतं. पण तो शब्द माझाच होता.

‘‘मी तिथं गेले नव्हते, बाबा. चित्रं बघून लिहिलं.’’

‘‘यायचं होतंस. मी दाखवलं असतं.’’ मग म्हणाले, ‘‘प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक तर बुजवूनच टाकले. पण कुठं काय होतं ते मला डोळे मिटून सांगता येतं.’’

‘‘परत गेल्यावर जाऊ या?’’

‘‘पास लागतो आत जायला. बघतो कुणी ओळखीचं उरलंय का.’’

पलीकडे क्रेनचा ग्रॅब बोटीच्या पोटात उतरत होता, साखर भरून वर येत होता, रिकामा होऊन परत उतरत होता. बाबांनी माझ्या हातातली नकाशाची प्रिंट घेतली, उलटी केली आणि पेन मागितलं. एक उभी रेघ. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवी आडवी.

दादाचा फोन आला, कुठे आहात, घ्यायला येऊ का?

‘‘अर्ध्या तासाने ये म्हणावं,’’ बाबा मान वर न करता म्हणाले, ‘‘अजून बोट खाली व्हायचीय.’’