पडद्यावरचा आकडा आणि वहीतला आकडा

पूर्वीच्या मोटारगाड्यांत पेट्रोल किती शिल्लक आहे हे सांगायला एक काटा असे आणि तो काटा स्वभावाने मोघम असे. टाकी अर्धी आहे, पाव आहे, संपत आली आहे, एवढेच तो सांगे. चढावर तो एक सांगे, उतारावर दुसरे. आणि हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे त्याच्या शब्दावर कोणी फारसे विसंबत नसे. आताच्या गाड्यांत काट्याच्या शेजारी एक लहानसा पडदा आला आहे. तो मोघम बोलत नाही. ‘अजून 287 किलोमीटर’, ‘अ‍ॅव्हरेज 16.8’ असे तो ठामपणे सांगतो. 286 नाही, 288 नाही. आणि सोळा नाही, सतराही नाही, सोळा पूर्णांक आठ! दशांशचिन्हाचा आपल्या समाजावर मोठा दरारा आहे. गुणपत्रिकेत, ताप मोजण्याच्या यंत्रात, पतपेढीच्या व्याजात ते दिसले की आपण निमूटपणे मान डोलावतो.

हा आकडा येतो कोठून, हे एकदा समजून घेतले पाहिजे. गाडीतील संगणकाजवळ पेट्रोल मोजण्याचे लिटरचे माप नसते. इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या बारीक तोट्या असतात, त्यांना इंजेक्टर म्हणतात. त्या एकूण किती वेळ उघड्या राहिल्या हे संगणक मोजतो आणि तेवढ्या वेळात किती पेट्रोल गेले असावे याचा हिशेब मांडतो. चाके किती वेळा फिरली यावरून अंतर काढतो. अंतराला पेट्रोलने भागले की अ‍ॅव्हरेज मिळाले. पुढे टाकीतल्या तरंगत्या गोळ्याला विचारायचे, ‘बाबा, उरले किती?’ तो जे सांगेल त्याला अलीकडच्या अ‍ॅव्हरेजने गुणायचे, की ‘अजून किती किलोमीटर’ हे उत्तर तयार. तेव्हा या आकड्याला भविष्यकथन समजण्याचे कारण नाही. गाडी कालपरवा जशी चालली तशीच उद्या चालेल असे गृहीत धरून केलेला तो एक गुणाकार आहे.

आमच्या तीन गावांत तर हे गृहीतक दिवसातून दोनदा मोडते. बदलापूरहून काटई नाक्याकडे जाणारा रस्ता भल्या पहाटे मोकळा असतो. गाडी एका लयीत धावते, आणि उरलेले किलोमीटर कमी होण्याऐवजी कधीकधी वाढतात. नवख्या माणसाला हा चमत्कारच वाटतो. काना गावच्या लग्नातील द्राक्षारसाची आठवण व्हावी इतका! तीच गाडी सायंकाळी अंबरनाथवरून उल्हासनगरमार्गे कल्याणला न्यावी. कॅम्पांतील बाजारपेठा, हातगाड्या, रिक्षा, रस्ता ओलांडणारी माणसे. रेल्वेच्या हिशेबाने बदलापूर ते कल्याण अवघे चौदा किलोमीटर. पण पडद्यावरचा आकडा त्याच्या दुपटीने खाली उतरतो. एका जागी उभी असलेली गाडी पेट्रोल पिते आणि किलोमीटर शून्य देते, वर उन्हाळ्यात वातानुकूलन चालू. यात पडदा खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. त्याला वाटेत उल्हासनगर आहे हे कोणी सांगितलेच नव्हते.

पडदा शून्यावर आला तरी बहुतेक गाड्यांच्या टाकीत थोडे पेट्रोल शिल्लक राहील अशी तजवीज कंपन्यांनी केलेली असते. दहा कुमारींच्या दाखल्यातील शहाण्या पाच जणींचा कित्ता त्यांनी गिरवला म्हणायचा. परंतु ते किती, हे गाडीगाडीनुसार बदलते. म्हणून त्याच्या भरवशावर रात्री-अपरात्री कर्जतच्या वाटेला लागू नये. शिवाय टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलानेच थंड राहतो, हेही विसरू नये.

अमेरिकेतील मोटारचालकांच्या एका जुन्या संघटनेने काही गाड्या प्रयोगशाळेत चालवून पडद्याचे अ‍ॅव्हरेज व प्रत्यक्षाचे अ‍ॅव्हरेज यांची तुलना केली. सरासरीने फरक दोन टक्क्यांच्या आसपास निघाला, म्हणजे क्षुल्लकच. पण सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. एकेक गाडी पाहता कोठे फरक सहा टक्क्यांहून अधिक होता, तर कोठे उलट दिशेने जवळजवळ तीन टक्के होता. आपल्या अंगणात उभी असलेली गाडी यांपैकी कोणती, हे तिच्या कागदपत्रांत लिहिलेले नसते.

येथे आणखी एका आकड्याचा घोळ निस्तरला पाहिजे. गाडी घेताना विक्रेता जो आकडा सांगतो तो पडद्याचा नव्हे. तो पुण्याच्या ‘एआरएआय’ या 1966 साली स्थापन झालेल्या संस्थेसारख्या प्रयोगशाळेतला. तेथे गाडी रस्त्यावर नव्हे, तर रुळांवर जागच्या जागी चालवतात आणि धुराड्यातून निघालेल्या वायूंवरून पेट्रोलचा हिशेब काढतात. ठरलेला क्रम 1180 सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांनाही वीस सेकंद कमी. वेग ताशी 90 किलोमीटरच्या वर जात नाही. या क्रमाचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ‘एमआयडीसी’ असे आहे! अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाला एमआयडीसी म्हटले की रसायनांचा वास आणि पाळी सुटल्याचा भोंगा आठवतो. प्रयोगशाळेतल्या एमआयडीसीत यांपैकी काहीच नाही, खड्डेही नाहीत. हा आकडा गाड्यांची आपापसांत तुलना करण्यासाठी उत्तम आहे. महिन्याचे अंदाजपत्रक त्याच्यावर बांधू नये. जाहिरातीत लिटरला 16 ते 18 किलोमीटर सांगितलेली आणि प्रत्यक्षात दहाच्या आसपास चाललेली, 2004 मध्ये घेतलेली एक गाडी थेट राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत पोहोचली. 2024 मध्ये आयोगाने ग्राहकाला एक लाख रुपयांची भरपाई कायम केली. वीस वर्षे लढण्याची चिकाटी किती जणांत असते?

हे सारे मी वाचून काढले ते हौसेखातर नव्हे. आमच्या ओळखीचे एक वृद्ध दांपत्य बदलापूरला राहते. दोघे मूळचे वसईकडचे. बाईंची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिससाठी ठाण्याच्या रुग्णालयात न्यावे लागू लागले. आखाती देशात नोकरी करणाऱ्या मुलाने गाडी घेऊन दिली आणि उल्हासनगरचा एक चालक ठेवला. महिन्याला गाडी साधारण हजार किलोमीटर चाले. चालक शांत स्वभावाचा. मावशींना जिन्यावरून खुर्चीसकट उतरवणारा, आणि उपचार चालू असता चार-चार तास खाली बसून राहणारा.

मुलगा दर महिन्याला पडद्याचे छायाचित्र आणि पंपावरच्या पावत्या मागवी. पडदा म्हणे 16.8. त्या हिशेबाने हजार किलोमीटरला साडेएकोणसाठ लिटर पुरायला हवे. पावत्या मात्र त्रेसष्ट लिटरांच्या वर जात. दर महिन्याला जवळजवळ चार लिटरांची तूट! सहा महिन्यांत तेवीस लिटर. लिटरला शंभरावर भाव असताना अडीच हजारांच्या घरात रक्कम गेली. मुलाने दूरध्वनीवरून वडिलांना सांगितले, ‘तो पेट्रोल मारतो.’ वडिलांनी ते चालकाला जसेच्या तसे सांगितले नाही, पण सांगायचे ते त्याला कळले. तो एवढेच म्हणाला, ‘काका, मारायचंच असतं तर पावत्या कशाला आणून दिल्या असत्या?’ आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवून तो गेला. त्यानंतरच्या पंधरवड्यात बाईंना कधी रिक्षाने, कधी शेजाऱ्यांच्या गाडीने ठाण्याला नेण्यात आले. एका फेरीला तर त्या अर्धा तास उशिरा पोहोचल्या आणि त्यांचा उपचार तेवढा आखडता घेतला गेला.

सातवी आज्ञा मोडल्याचा संशय घेताना आपल्या हातून आठवी मोडली जात असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या 1992 सालच्या ग्रंथात पुरेशा आधाराविना शेजाऱ्याचा दोष खरा मानणे हे आठव्या आज्ञेखालीच घातले आहे. पण काका भले गृहस्थ. त्यांना ग्रंथ दाखवण्यापेक्षा हिशेब दाखवणे मला अधिक योग्य वाटले. आधार तपासायचा तर उपाय जुना आणि सोपा होता. टाकी फुल्ल करायची, नोझल आपोआप बंद पडताच थांबायचे, किलोमीटर टिपून ठेवायचे. पुन्हा भरताना त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, तशीच फुल्ल करायची. किती लिटर मावले ते पाहायचे आणि भागाकार करायचा. एका खेपेवर विसंबू नये, कारण नोझल कधी अर्धा-पाऊण लिटर अलीकडे बंद पडते, कधी पलीकडे. तीन-चार खेपांची बेरीज घ्यावी. पंपाचीच शंका असेल तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे; पाच लिटरांत 25 मिलिलिटर इधर-उधर कायदा चालवून घेतो. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात खऱ्या मापांची आज्ञा आहे, ती आपल्याकडे वजनमाप खाते पाळून घेते.

नाताळला मुलगा घरी आला. मी त्याला म्हटले, ‘बाबा, आता गाडी तूच चालव आणि पेट्रोलही तूच भर.’ त्याने तीन आठवडे आईला स्वतः ठाण्याला नेले. तीन खेपांची बेरीज 15.8 निघाली. पडदा मात्र तेव्हाही 16.8 वरच होता! पेट्रोल कोणी मारत नव्हते. पडदाच लिटरमागे एक किलोमीटर जास्त सांगत होता, साधारण सहा टक्के. अमेरिकेतल्या त्या तपासणीतील वाईटात वाईट गाडीच्या जातकुळीतली ही गाडी.

मुलगा त्याच संध्याकाळी उल्हासनगरला चालकाच्या घरी गेला. काय बोलणे झाले ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चालकाने तोवर अंबरनाथच्या एका कारखान्याचा टेम्पो धरला होता. तो महिना पुरा करून तो परत आला. येताना त्याने एक अट घातली. गाडीत वही राहील, प्रत्येक भरण्याला किलोमीटर आणि लिटर लिहिले जातील, आणि खाली त्याची व काकांची, दोघांचीही सही होईल.

ती वही मी अधूनमधून पाहतो. मी तीन रकाने आखून दिले होते; चालकाने स्वतःहून चौथा आखला, त्याचे शीर्षक ‘पडदा’. प्रत्येक खेपेला यंत्र काय म्हणाले तेही तो नोंदवतो. उन्हाळ्यात दोन्ही आकडे एकदमच खाली उतरले, फरक तेवढाच राहिला. पावसाळ्यात मात्र तो किंचित वाढलेला दिसतो. याचे कारण चालक टायरांच्या हवेत शोधतो, काका नव्या पेट्रोलातल्या इथेनॉलला दोष देतात, आणि मावशी म्हणतात की तुम्ही दोघे गाडी पुसायला लागा, आठ वाजले.