ओटीपी हीही सहीच

आमच्या पुसद-दिग्रसकडे सही म्हणजे अजून शाईचीच. हाताने नाव लिहिले किंवा अंगठा उठवला, की मामला पक्का. मोबाइलवर सांगितलेला ओटीपी मात्र आम्हाला सही वाटत नाही.

आमच्या फुफीने शिलाई मशीन हप्त्यांवर घेतली. व्याज नको म्हणून तिने मुद्दाम 'बिनव्याजी हप्ते' निवडले. दुकानातल्या मुलाने टॅबवर माहिती भरली, ओटीपी विचारला आणि मशीन घरी आली. पहिल्या हप्त्याला कळले, की विमा आणि फाइलचा खर्चही तिच्या नावावर चढला आहे. फुफी म्हणाली, "मी सही कुठे केली? कागदच नव्हता." आम्ही करार मागवला, तर तो सगळा इंग्रजीत. शेवटच्या पानावर फुफीचे नाव, तारीख आणि वेळ छापलेली. फुफी वाचते ती उर्दू.

कायदा शाई पाहत नाही, रजामंदी पाहतो. 1872 च्या करार कायद्यात तोंडी करारही चालतो. 2000 साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला. त्यात पुढे घातलेले कलम 10-अ सांगते, की करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही. फसवून घेतलेली संमती मात्र रद्द करून घेता येते. पण फसवणूक आपल्याला सिद्ध करावी लागते. वसीयतनाम्याला हा कायदा लागू नाही. तो कागदावर, साक्षीदारांसमोरच करावा.

हाताने न लिहिलेली सही आपल्याला नवीन नाही. प्रेषित (स.) यांनी राजांना पत्रे पाठवायचे ठरवले, तेव्हा मोहोर नसलेले पत्र ते स्वीकारत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. मग चांदीची अंगठी घडवली गेली आणि तिच्यावर 'मुहम्मद रसूलुल्लाह' कोरले गेले. त्या मोहोरेचा ठसा हीच सही होती.

खरी गोष्ट सहीच्या आधीची आहे. सूरह अल-बकराची 282 वी आयत ही कुरआनातील सर्वांत मोठी आयत, आणि ती कर्जाच्या लिखापढीबद्दल आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, साक्षीदार ठेवा. आणि मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे त्याने. त्याला सांगता येत नसेल, तर त्याच्या वलीने इन्साफाने सांगावा. म्हणजे आपण काय कबूल करतो आहोत, हे कर्ज घेणाऱ्याच्या तोंडून निघाले पाहिजे. टॅबवर नेमके हेच उलटे होते: मजकूर देणाऱ्याचा, घेणाऱ्याचे फक्त सहा आकडे.

रिझर्व्ह बँकेचा नियमही याच दिशेचा आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या वैयक्तिक मुदत कर्जांना, कर्जदाराला समजेल अशा भाषेत मुख्य अटींचे पत्रक द्यावे लागते आणि समजावून सांगावे लागते. विमा व इतर आकार धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो. 'बिनव्याजी'चा अर्थ तिथे उघडा पडतो.

फुफीची लेखी तक्रार आम्ही दिली आहे. घरात आता एक रीत ठरली आहे. ओटीपी द्यायच्या आधी पत्रक मागायचे. रक्कम किती, महिने किती, एकूण भरायचे किती आणि कापले काय, हे कर्ज घेणाऱ्याने घरातल्या दोघांसमोर मोठ्याने सांगायचे. वाचता येत नसेल, तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीने वाचून दाखवायचे. सांगता आले नाही, तर आकडेही सांगायचे नाहीत.