परतणाऱ्या प्रवाहाचा हिशेब

मांडवा, सासवणे, किहीम या रायगडच्या किनारपट्टीवरील गावांतल्या घरांत विजेचे पॉइंट बंद पडल्याच्या तक्रारी गणपतीच्या तोंडावर वाढतात, कारण पावसाळाभर कुलूप लावून ठेवलेली घरे त्या सुमारास उघडली जातात आणि मधल्या महिन्यांत भिंतीच्या आत काय घडले याचा पत्ता पहिले बटण दाबल्यावरच लागतो. जांभ्याची भिंत ओल धरून ठेवते; खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेल्या मिठाचा सूक्ष्म थर सॉकेटच्या आतील पितळी पट्ट्यांवर बसतो आणि मीठ हवेतील दमटपणा ओढून घेत असल्यामुळे हाच थर हळूहळू वीजवाहक बनतो. त्यातच मुंग्यांनी पेटीत आणून ठेवलेल्या मातीची भर पडते. अशा घरात बंद सॉकेट म्हणजे बिघडलेले सॉकेट असे समजून तेच बदलायला घेणारा वायरमन, ज्याला शासकीय मराठीत तारतंत्री म्हणतात, बहुधा चुकीच्या जागी काम करीत असतो.

याचे कारण आपल्याकडील संरक्षणाच्या रचनेत आहे. अमेरिकेतील घरांत न्हाणीघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या सॉकेटमध्येच गळती ओळखणारे यंत्र बसवलेले असते आणि ते सुमारे 5 मिलिअँपियर गळतीला वीज तोडते. बर्कलीच्या विद्यापीठातील चार्ल्स डॅलझील यांनी विजेच्या धक्क्याचा मानवी शरीरावरील परिणाम अभ्यासून 1961 मध्ये त्या यंत्राची घडण केली. भारतीय घरांत हे काम सामान्यतः वितरण पेटीतील, म्हणजे डीबीमधील, आरसीसीबी करतो आणि त्याची मर्यादा बहुधा 30 मिलिअँपियर असते. प्रवाह नेणारी फेजची आणि तो परत आणणारी न्यूट्रलची अशा दोन्ही तारा त्याच्या आतील एकाच चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. जेवढे गेले तेवढेच परतले तर त्यांचे चुंबकीय परिणाम परस्परांना पुसून टाकतात, आणि जाणे व येणे यांत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह ओल्या भिंतीतून, पंपाच्या आवरणातून किंवा माणसाच्या देहातून जमिनीकडे गेला, तर उरलेल्या परिणामाने आरसीसीबी पडतो. एकूण प्रवाह किती मोठा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ते पाहणे आणि प्रवाह फार वाढल्यास वीज तोडणे हे एमसीबीचे काम आहे. परतफेडीत खोट आली की नाही, एवढेच आरसीसीबी पाहतो.

म्हणून पहिला प्रश्न असा, की एकच पॉइंट मेला आहे की आरसीसीबीच्या पाठीमागचे सारे घर. आरसीसीबी जागेवर असून एकच सॉकेट गप्प असेल तर गळतीचा विचार तूर्त बाजूला ठेवून तुटलेली जोडणी शोधावी लागते. येथे खिशातील टेस्टर पुष्कळदा फसवतो. समोरून पाहता सॉकेटच्या उजव्या भोकात फेज आणि डाव्या भोकात न्यूट्रल असावा असा संकेत आहे. दोन्ही भोकांत टेस्टर पेटला तर नवशिक्याला दोन फेज आल्याचा भास होतो, परंतु अशा वेळी बहुधा न्यूट्रल वाटेत तुटलेला असतो आणि त्याच फांदीवरील, म्हणजे त्याच सर्किटवरील, चालू ठेवलेल्या एखाद्या दिव्यातून किंवा पंख्यातून फेज उलट्या वाटेने त्या तारेत आलेला असतो. मल्टिमीटरवर फेज ते अर्थ 230 व्होल्टच्या आसपास आणि फेज ते न्यूट्रल जवळजवळ काहीच नाही, असे दिसले की निदान पक्के झाले. टेस्टरऐवजी साधा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यात लावून पाहण्याची जुनी पद्धत आरसीसीबी असलेल्या घरात चालत नाही, कारण 15 वॅटचा बल्बही सुमारे 65 मिलिअँपियर जमिनीत पाठवतो आणि तपासणीच दोष ठरते.

आरसीसीबी पडत असेल तर मात्र कसोटी वेगळी आहे. सर्व उपकरणांचे प्लग काढावेत, सर्व एमसीबी खाली करावेत आणि एकेक वर करीत कोणत्या फांदीवर आरसीसीबी पडतो ते पाहावे, ही रीत योग्य असली तरी ती अर्धीच आहे. घरगुती एमसीबी बहुतेक फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तार डीबीतील न्यूट्रलच्या पट्टीला जोडलेलीच राहते. बागेतल्या दिव्याच्या पेटीत पाणी शिरून न्यूट्रल जमिनीला टेकला असेल, तर त्या दिव्याचा एमसीबी खाली असतानाही दोष जिवंत असतो, पण तो दिसत नाही, कारण न्यूट्रलवर विजेचा दाब अगदी थोडा असतो. कोणी न्हाणीघरात गिझर लावतो, त्याचा मोठा प्रवाह न्यूट्रलच्या पट्टीवर परत येतो, तेथे त्याला दोन वाटा दिसतात, काही भाग बागेतल्या ओल्या पेटीतून जमिनीत उतरतो आणि आरसीसीबी पडतो. घरातील सर्वांनी गिझरला दोष दिलेला असतो, प्रसंगी नवा गिझर येतो आणि तोही तसाच वागतो. या गैरसमजात गेलेले पैसे आणि निर्दोष उपकरणाची झालेली बदनामी पाहून कोणाही जाणत्या कारागिराला हळहळ वाटावी. उपाय सोपा, पण धीराचा आहे: मेन स्विच बंद करून, वीज खरोखर गेल्याची खात्री करून, पट्टीवरील न्यूट्रल तारा एकेक सुट्या कराव्यात आणि प्रत्येकीचा जमिनीशी असलेला रोध मेगर या 500 व्होल्टच्या तपासणी यंत्राने मोजावा; हे यंत्र लावण्यापूर्वी इन्व्हर्टर आणि नाजूक उपकरणे अलग केलेली असणे आवश्यक आहे. निरोगी तारेचा रोध दशलक्ष ओहमच्या वर असतो, ओल्या तारेचा काही हजारांवर येतो.

एवढा धीर नसला की 'डायरेक्ट करून टाका' हा सल्ला दिला जातो, म्हणजे आरसीसीबी वगळून तारा थेट जोडल्या जातात आणि पाहुणे येण्यापूर्वी दिवे लागतात. यातील धोका आकड्यांतच दिसतो. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 10 ओहम धरला, आणि कोरड्या दिवसांत जांभ्याच्या जमिनीत तो याहूनही अधिक असू शकतो, तर गिझरच्या आवरणाला फेज लागल्यावर 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपियरच प्रवाह वाहील. 16 अँपियरचा एमसीबी तेवढ्याने तत्काळ पडत नाही, आणि तोवर भिजलेल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्यासमोर धातूचे आवरण जवळजवळ पूर्ण दाबावर उभे असते. हाच दोष आरसीसीबी क्षणार्धात तोडतो. त्याच्या दृष्टीने 23 अँपियर ही मर्यादेच्या कितीतरी पट गळती आहे. त्याच्याही मर्यादा आहेत. फेज आणि न्यूट्रल दोन्ही हातांत धरणारा माणूस जमिनीपासून अलग उभा असेल, तर जाणारा आणि येणारा प्रवाह समानच राहतो आणि आरसीसीबीला काही कळत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा झाडे आणि खांब कोसळून ताराच तुटल्या. अशा वेळी खांबावरचा न्यूट्रल तुटून घरात वाढलेला दाब ओळखणे आरसीसीबीचे काम नव्हे.

सर्वांत अवघड दोष तो, जो तपासणीच्या वेळी नसतो. दुपारी उन्हात पेटी सुकलेली असते, मेगर उत्तम आकडा दाखवतो, आरसीसीबी वर राहतो आणि मालक समाधानाने चहा देतो. रात्री दव पडू लागले की मिठाचा थर पुन्हा ओलावतो आणि घर अंधारते. अशा घरी जाणता तारतंत्री दुपारी आरसीसीबीवरचे तपासणीचे बटण दाबून तो खरोखर पडतो याची खात्री करून घेतो, संशयित फांदीची फेज आणि न्यूट्रल अशी दोन्ही टोके पट्टीवरून काढून टेप लावून बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी, नारळाच्या झावळ्यांवरून पाणी निथळत असतानाच, मेगर घेऊन पुन्हा येतो.