आधी झुंड लांब न्या, मग माणूस उचला

दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी. ज्या कॉम्प्युटरवर मी बातम्या टाइप करतो, त्याच्यावर रात्री अकरा वाजता आमचे चिरंजीव झोंबी मारत बसलेले. मी आवाज चढवला. पोरगा शांतपणे म्हणाला, "पप्पा, एकदा खेलून तर पाहा. मंग शिव्या द्या."

बसलो. गेम 2010 सालचा, 'कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स'. त्यातला 'किनो देर टोटेन' नावाचा नकाशा, म्हणजे बंद पडलेलं एक जर्मन थिएटर. झोंबी राउंडनं येतात. दर राउंडला जास्त येतात, जास्त दणकट येतात. यात जिंकणं नाहीच. किती राउंड टिकलात, तेवढंच मोजतात. मी तिसऱ्यात आडवा झालो.

मग पोरानं शिकवणी घेतली.

सुरुवातीला हातात 500 पॉइंट आणि एक पिस्तूल. गोळ्या उधळायच्या नाहीत. पहिल्या राउंडला चाकूचा एकच घाव पुरतो, आणि चाकूनं मारलं की 130 पॉइंट मिळतात. फुटलेल्या खिडकीला फळी ठोकली की 10. दारं उघडायची घाई नको, एक दार उघडलं की झोंबी यायच्या वाटाही वाढतात.

950 पॉइंटला एक पेटी उघडते. आत कोणती बंदूक निघेल, नशीब. मी अर्थातच आधी पेटीकडे पळालो. पोरगा ओरडला, "पेटीले नोका लावू पप्पा! आधी 2500 जमवा, ते पेय घ्या." ते घेतलं नाही तर दोन फटक्यांत माणूस पडतो, घेतलं तर पाच लागतात. आधी अंगात ताकद, मग हौस.

कोपऱ्यात उभं राहायचं नाही. "कोपऱ्यात थांबला तो गेला." स्टेजवर मोकळी जागा आहे, तिथं गोल फिरत राहायचं. मागं सगळी झुंड एका गठ्ठ्यात येते, तेव्हा वळून गोळ्या घालायच्या आणि पुन्हा पळायचं. शेवटचा एक झोंबी मारायचा नाही. तो जिवंत आहे तोवर पुढचा राउंड सुरू होत नाही. तेवढ्यात गोळ्या भरा, खिडक्या ठोका, श्वास घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जोडीदार पडला तर सरळ त्याच्याकडे धावायचं नाही. झोंबी तुमच्या मागंच असतात, मग दोघंही जाता. आधी झुंड लांब न्यायची, मग येऊन उचलायचं.

हे मी एका मित्राला हसत हसत सांगितलं. तो चिडला. "पोराले अशा गेमात बसवतं का बे? बंद कर ते." बोलताना त्याच्या हातात मोबाइल होता आणि त्यावर पत्ते चालू होते. पैशाचे. दोघांनाही त्यात काही विचित्र वाटलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तो चहाच्या टपरीवर गप्प बसलेला दिसला. कापसाचे पैसे खात्यात आले होते आणि गेले होते. गेलेले काढायला आणखी लावले, तेही गेले. कृषी केंद्राची उधारी तशीच. मी काय विचारलं असेल? "कशाला गेला होतास त्यात? अक्कल आहे का?" तो उठून निघून गेला.

रात्री पोराला सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, तुमी सरळ त्याच्यावरच धावले."

दुसऱ्या दिवशी आधी कृषी केंद्रवाल्याकडे गेलो, पुढच्या वेचणीपर्यंत मुदत मागितली. दिली त्यानं. मग मित्राच्या घरी. ॲप त्यानं स्वतः काढलं, वहिनींना स्वतः सांगितलं. कर्ज फिटलेलं नाही अजून. पण माणूस उभा आहे.

2 सप्टेंबर 2020 ला पबजीसह 118 ॲप बंद झाले, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या, पोरं वाचली म्हणून. कारण देशाच्या सुरक्षेचं होतं, पोरांचं नव्हतं. पैशाचे खेळ मात्र पुढंही पाच वर्षं चालू राहिले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. खेळून बुडालेल्याला कायदा गुन्हेगार म्हणत नाही. आपण मात्र म्हणतो.

पोराला रात्री उशिरा खेळू देत नाही, हे आजही खरं. दहा म्हणजे दहा. पण 'गेम' म्हणून सगळ्यांना एकाच काठीनं हाकणं मी सोडलं.

आपल्या केळापूर तालुक्यात कापूस घरात येतो आणि देणेकरी दारात येतात, ते एकाच महिन्यात. तुमच्या गल्लीत कोणी असा गप्प झालेला दिसला, तर प्रश्न नंतर विचारा. आधी त्याच्या मागची झुंड थोडी लांब न्या. रात्री नको ते विचार येत असतील, तर 14416 हा सरकारी टेलि-मानसचा फोन आहे, फुकट आहे. नंबर त्याच्या मोबाइलमध्ये तुम्हीच सेव्ह करून द्या.