माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर

१९८२ हे साल आपल्या लक्षात राहिलं ते दिल्लीच्या एशियाडमुळे आणि त्यानिमित्ताने आलेल्या रंगीत टीव्हीमुळे. त्याच वर्षी फोर्ब्स आणि स्वीडनची इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्स ही कंपनी काढली. तिचा 'युरोक्लीन' व्हॅक्यूम क्लीनर दुकानापेक्षा दारावरच जास्त भेटायचा. ठाण्यात नौपाड्यात, डोंबिवलीत टिळकनगरात, कल्याणात आग्रा रोडच्या आसपास टाय लावलेले तरुण विक्रेते ते जड खोकं घेऊन जिने चढायचे.

"वहिनी, घ्यायचा नसला तरी चालेल, एकदा बघा तर," असं म्हणत विक्रेता गादीवर नळी फिरवायचा. मग यंत्रात अडकवलेलं पांढरं फडकं काढून समोर धरायचा. रोज झटकलेल्या गादीतून निघालेली ती करडी भुकटी पाहिली की घरातल्यांचा विरोध मावळायचा. हप्ते ठरायचे आणि क्लीनर घरात यायचा. शेजारच्या काकूही तो बघायला यायच्या.

पण आपल्या घरांत गालिचे नव्हते. हे यंत्र जन्मलं गालिच्यांसाठी. १९०१ मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने इंजिनावर चालणारा पंप घोडागाडीवर बसवला, गाडी रस्त्यात उभी केली आणि खिडक्यांतून लांब नळ्या आत सोडून घरं साफ केली. १९२१ मध्ये इलेक्ट्रोलक्सने जमिनीवरून घसरत जाणारा आडवा 'मॉडेल व्ही' आणला आणि घरगुती क्लीनरचं रूप ठरून गेलं. आपल्याकडच्या मोझॅकच्या लाद्यांना मात्र झाडू आणि ओलं फडकं पुरेसं होतं. म्हणून क्लीनर गणपतीआधी आणि दिवाळीत खाली उतरायचा. सोफा, गाद्या, पुस्तकांचं कपाट, पंख्याची पाती, कोपऱ्यातली जळमटं एवढं उरकलं की पुसूनपासून पुन्हा खोक्यात आणि माळ्यावर.

याच कमी वापराने ती यंत्रं आजवर टिकली. आता ठाणे-डोंबिवलीत जुन्या इमारती पुनर्विकासाला चालल्या आहेत, माळे रिकामे होत आहेत आणि तीस-चाळीस वर्षांचे क्लीनर भंगारात वजनावर जात आहेत. ते उचलून आणायचे आणि पुन्हा चालते करायचे, हा माझा छंद.

जुना क्लीनर उघडायला घेतला की आधी मन प्रसन्न होतं ते स्क्रू पाहून. चार-सहा स्क्रू काढले की सगळं समोर. आतली मोटर मिक्सरमधल्या मोटरच्याच जातीची, त्यामुळे मिक्सर दुरुस्त करणारा कुठलाही जुना कारागीर ती ओळखतो. मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश बदलायचे, काळवंडलेला कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने उजळायचा, कोरडी पडलेली बेअरिंग नवी घालायची. कडक झालेलं रबर बदलायचं, कारण कुठूनही हवा ओढली गेली की ओढ कमी होते. तडकलेली नळी बहुतेकदा टोकाशीच तडकते, तेवढा भाग कापून टोक पुन्हा बसवता येतं. कापडी पिशवी उंदरांनी कुरतडलेली असली तर दाट विणीच्या कापडाची नवी शिवून घ्यायची. कार्बन ब्रश मापाचे मिळाले नाहीत तर मुंबईतला लोहार चाळीचा विजेच्या सामानाचा बाजार गाठायचा. आणि वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला कधीच लावायचं नाही. आधी सिरीजमध्ये बल्ब जोडून तपासायचं. मोटर सुरू झाली आणि तो ओळखीचा चढता आवाज घरात भरला की होणारा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

आजचे क्लीनर हलके आहेत, बारीक धूळ जास्त चांगली अडवतात. स्वतःच फिरून घर झाडणारे रोबो म्हाताऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसांना खरोखर उपयोगी आहेत. पण त्यांतल्या अनेकांचं आवरण उघडण्यासाठी केलेलंच नसतं. बॅटरी दमली आणि त्याच मापाची मिळाली नाही, तर धडधाकट मोटरही कचऱ्यात जाते. पूर्वी वस्तू बिघडली की पहिला प्रश्न असायचा, "कोणाकडे दुरुस्त होईल?" आता पहिला प्रश्न असतो, "नवीन केवढ्याला?" या बदलात गल्लीतला कारागीर हरवला आणि वस्तू उघडून पाहण्याची घरातली हिंमतही गेली. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्टलही सुरू केलं, ही चांगली गोष्ट आहे. पण दुरुस्ती मागणारं गिऱ्हाईकच नसेल, तर नुसत्या हक्काने काय होणार?

म्हणून एक विनंती. यंदा दिवाळीला माळा आवराल किंवा पुनर्विकासासाठी घर रिकामं कराल, तेव्हा जुना क्लीनर भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला एकदा दाखवा. शक्य असेल तर घरातल्या मुलांना त्याच्या शेजारी बसवा. यंत्र उघडतं, समजतं आणि पुन्हा चालू होतं, हे त्यांनी एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवं.