माहेर निघाले दूरदेशी

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही मराठी घरांतील फार जुनी रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक माहेरी येई. तिच्यासाठी घरातली उबेची जागा मोकळी केली जाई. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा यांची जमवाजमव होई. धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली जात. या साऱ्यात प्रवास करायचा तो लेकीने. आईने दारात उभे राहून वाट पाहायची. माहेर आपल्या जागी असे आणि लेक त्याच्याकडे येत असे.

आता अनेक घरांत हा क्रम उलटला आहे. लेक परदेशी नोकरी करते. तिचे डॉक्टर, तिचा आरोग्यविमा, तिची रजा, सारे तिकडेच असते. जर्मनीत प्रसूतीपूर्वीचे सहा आणि नंतरचे आठ आठवडे नोकरदार स्त्रीला कायद्याचे संरक्षण आहे. बाळंतपणानंतर प्रशिक्षित सुईण घरी येऊन बाळ-बाळंतिणीची विचारपूस करते. ही सोय सोडून अवघडलेल्या अवस्थेत लेकीने लांबचा विमानप्रवास करावा, असे कोणती आई म्हणेल? मग माहेरच उठते आणि लेकीकडे निघते.

बंगळुरूसारख्या शहरात अशी घरे पुष्कळ आहेत. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. मराठीचा येथील वावर निदान तेवढा जुना आहे. पुढे बेळगाव, सोलापूर, पुणे अशा गावांतून माणसे नोकरीनिमित्त येथे आली आणि स्थिरावली. त्यांची मुले संगणकाच्या व्यवसायात शिरली आणि त्यांतील काही युरोपात गेली. २००१ साली लुफ्तान्सा या जर्मन कंपनीने बंगळुरू ते फ्रँकफर्ट अशी थेट विमानसेवा सुरू केली. तेव्हा विमाने शहरातल्या एचएएल विमानतळावरून उडत. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीजवळचा नवा विमानतळ सुरू झाला. बंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांचे नाव त्याला २०१३ साली देण्यात आले. बंगळुरू ते फ्रँकफर्ट हे अंतर सुमारे ७,४०० किलोमीटर आहे. विमान ते दहा तासांच्या आसपास कापते. १८८३ साली आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कोलकात्याहून बोटीने निघाल्या, त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या तेव्हा जून उजाडला होता. आज प्रवास तासांवर आला आहे. त्यामागची तयारी मात्र अजूनही महिन्यांचीच आहे.

मल्लेश्वरम भागात मुलासुनेबरोबर राहणाऱ्या एका आईने अशीच तयारी केली. तिची लेक फ्रँकफर्टला होती आणि डॉक्टरांनी १० डिसेंबर ही तारीख दिली होती. आई विमानात एकदाच बसली होती, तीही पुण्यापर्यंत. मुलगा संगणकासमोर बसला आणि म्हणाला, “आई, जाण्याची तारीख सांग.”

“ती मी कशी सांगू? बाळाला विचार!” आई हसून म्हणाली.

तिच्या या उत्तरातच सारी अडचण सामावली होती. गरोदरपणाचे २८० दिवस धरून डॉक्टर तारीख काढतात, पण नेमकी तीच तारीख साधणारी बाळे फार थोडी. तिकिटाला तर दिवस आणि वेळ लागते. शिवाय आणखी एक मर्यादा होती. शेंगेन हे लक्झेंबर्गमधील छोटे गाव. तेथे १४ जून १९८५ रोजी झालेल्या करारातून पुढे युरोपातील अनेक देशांचा एक सामाईक प्रदेश तयार झाला. त्या प्रदेशात अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. पोहोचल्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस हे दोन्ही त्यात मोजले जातात.

आईने भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून पुढ्यात घेतली. तीन आठवडे आधी, म्हणजे १९ नोव्हेंबरला पोहोचावे, तर प्रसूतीपर्यंत २१ दिवस जाणार. बाळंतिणीचा सव्वा महिना व्यवहारात ४० दिवसांचा. दोन्ही मिळून ६१ झाले. उरले २९. बाळ दहा दिवस उशिरा आले, तर ते दहा दिवस या २९ मधूनच जाणार. तीन आठवड्यांहून लवकर आले, तर आई पोहोचण्याआधीच लेक आई झालेली असणार. नव्वदावा दिवस १६ फेब्रुवारीला येत होता. तिने परतीसाठी १२ फेब्रुवारीवर बोट ठेवले. “चार दिवस हातचे राहू देत,” ती म्हणाली.

तिकीट आधी की व्हिसा आधी, हा पुढचा प्रश्न होता. व्हिसाच्या अर्जासोबत जाण्यायेण्याचे आरक्षण दाखवावे लागते; पण व्हिसा नाकारला गेला, तर तिकिटाचे पैसे बुडण्याची भीती असते. म्हणून व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट घेऊ नये, हे शहाणपणाचे. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो. परतीनंतर किमान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक असावी लागते. निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवासविमाही काढावा लागतो. मुलाने पक्के तिकीट न काढता केवळ आरक्षण केले आणि अर्ज भरला.

अर्जात नाव लिहिताना आईने त्याला थांबवले. मराठी स्त्रीच्या आयुष्यात नावाची गोष्ट सरळ नसते. शाळेच्या दाखल्यावर तिचे माहेरचे नाव होते. लग्नात ताटातल्या तांदळांवर सासरचे नवे नाव लिहिले गेले होते. घरी सारे तिला तिसऱ्याच नावाने हाक मारत. पासपोर्टवर मात्र एकच नाव असते, आणि तिकिटावर अक्षरन् अक्षर तेच यावे लागते. आईने चष्मा लावला, पासपोर्ट उघडून शेजारी ठेवला आणि इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवत एकेक अक्षर ताडून पाहिले. पतीच्या नावातले एक अक्षर सुटले होते. मुलाने ते भरले. घाईत तो ते पाहणार नव्हता, तिने पाहिले.

व्हिसा आला तेव्हा तिकिटाची निवड करायची होती. आखाती देशात विमान बदलून जाणारे तिकीट स्वस्त होते, पण त्याची तारीख बदलता येत नव्हती. थेट विमानाचे तिकीट महाग होते. मात्र ठरावीक रक्कम भरून परतीची तारीख बदलण्याची सोय त्यात होती. मुलगा दोन्ही आकड्यांकडे पाहत राहिला. आई आत गेली आणि भिशीचे साठवलेले पैसे घेऊन आली. “वरचे मी भरते. बाळ काही आपल्या तिकिटाकडे बघून येणार नाही,” ती म्हणाली. स्वस्त तिकीट चुकीचे असते असे नाही. ज्याचा दिवस पक्का आहे, त्याला ते लाभाचेच. आपल्या प्रवासात नेमके काय अनिश्चित आहे, हे ओळखून तिकीट निवडावे, एवढेच तिने जाणले होते. त्याच वेळी मुलाने शाकाहारी जेवण आणि विमानतळावर चाकाच्या खुर्चीची मदत, या दोन गोष्टींचीही नोंद करून टाकली.

तिकीट हाती आले. त्यावर छापले होते : बुधवार, १९ नोव्हेंबर, ३ वाजता. पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो. विमान कंपनीचा दिवस मात्र मध्यरात्रीच बदलतो. आईच्या हिशेबाने ती मंगळवारची रात्र होती. बुधवारी रात्री सामान घेऊन निघाले असते, तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस लोटला असता. विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोहोचावे लागते. तेव्हा मंगळवारी रात्री दहाच्या सुमारास घर सोडायचे ठरले. पोहोचण्याची वेळ सकाळी साडेआठची होती. पाहता पाच-साडेपाच तासांचाच प्रवास वाटे. पण तिकिटावर ज्या त्या गावची स्थानिक वेळ छापतात. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. ते मिळवले की दहा तास पुरे होतात.

सामानाची मर्यादा होती एक बॅग आणि २३ किलो. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणि मांस नेण्यास मनाई आहे. म्हणून घरी कढवलेल्या साजूक तुपाची बरणी मागे राहिली. सुके खोबरे तेलकटपणामुळे पेट घेऊ शकते. भारतीय विमानसुरक्षा यंत्रणेने २०२२ साली चेक-इन सामानातूनही ते नेण्यास मनाई केली. तेही वगळले. डिंक, खारीक, बाळंतशेपा आणि मेतकूट बॅगेत गेले. उरलेल्या जागेत मऊ दुपटी बसली. लाडू लेकीच्या स्वयंपाकघरातच, तिकडच्या लोण्याचे तूप कढवून वळायचे ठरले.

सारे बांधून झाल्यावर आईने तिकिटाचा कागद पुन्हा वाचला. जाण्याच्या ओळीखाली परतीची ओळ होती : १२ फेब्रुवारी. पूर्वी बाळाला घेऊन लेक सासरी निघे, तेव्हा निरोप आई देत असे. या वेळी मांडीवर बाळ घेऊन दारात लेक उभी राहणार होती आणि निघायचे होते आईला. जे बाळ अजून जन्मलेही नव्हते, त्याच्यापासून दूर जाण्याचा दिवस तिच्या हातातल्या कागदावर छापलेला होता. आईने कागदाची घडी घातली, ती पासपोर्टमध्ये ठेवली आणि पासपोर्ट हातपिशवीच्या आतल्या कप्प्यात नीट ठेवून दिला.