कॉक कोठें बसवावा?

गेल्या हिवाळ्यांत आम्ही उभयतां पुतण्याकडे कॅलिफोर्नियास दोन महिने राहून आलों. निघण्याच्या आदल्या रात्रीं वहिनींनीं मला बाजूला बोलावून सांगितलें, "भाऊजी, तुमचा शब्द तो मोडायचा नाहीं. तें विमानाचें खूळ तेवढें त्याच्या डोक्यांतून काढून या." पुतण्या नोकरी सांभाळून गेलीं चार वर्षें घरच्या गॅरेजमध्यें दोन आसनांचें लहान विमान बांधीत आहे. त्या देशांत हा छंद कायद्यास संमत आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानें स्वतः केलेलें असावें, ही त्यांतली मुख्य अट. मोटार बाहेर दंवांत उभी आणि आंत अॅल्युमिनियमचे दोन पंख भिंतीशीं टेकवून ठेवलेले, असें त्या घराचें प्रथम दर्शन मला झालें.

मी पडलों संस्कृतचा मास्तर. यंत्राशीं माझा परिचय जुन्या स्कूटरपुरता. समजूत घालण्यापूर्वीं आपण समजून तरी घ्यावें, या विचारानें रोज सायंकाळीं बॅटरी धरून मी त्याच्याजवळ उभा राहूं लागलों. त्या वेळीं त्याचें पेट्रोलच्या व्यवस्थेचें काम चाललें होतें. टाकी, नळी आणि इंजिन, यांत एवढें डोकें चालवण्यासारखें काय आहे, असें मीं पहिल्याच दिवशीं विचारलें. तो म्हणाला, "काका, हवेंत इंजिन बंद पडतें तेव्हां पुष्कळदां इंजिन बिचारें धडधाकट असतें. त्याला पेट्रोल पोहोंचलेलें नसतें, एवढेंच."

मग त्यानें मला समजेल अशा भाषेंत एकेक गोष्ट सांगितली. पंख वर असतील, तर गच्चीवरच्या टाकींतून पाणी यावें तसें पेट्रोल आपल्या वजनानें खालीं येतें. याच्या विमानाचे पंख खालीं, म्हणून पेट्रोल ओढून घ्यावें लागतें. त्यासाठीं एक पंप इंजिनावर चालणारा, आणि तो बिघडलाच तर दुसरा विजेचा. तेलाच्या डब्याला आपण दोन भोंकें पाडतों, नाहीं तर धार अडते. तसेंच टाकींत हवा जाण्यास वाट ठेवावी लागते. त्या वाटेंत कुंभारीण माशीनें मातीचें घर केलें, तर इंजिन उपाशीं राहूं शकतें. पाणी पेट्रोलहून जड, तें तळाशीं बसतें. म्हणून अगदीं खालच्या जागीं एक लहानशी तोटी ठेवावयाची, आणि प्रत्येक उड्डाणापूर्वीं थोडें पेट्रोल पारदर्शक भांड्यांत काढून पाहावयाचें.

दोन पंखांत दोन टाक्या. दोन्ही एकदम उघड्या कां ठेवीत नाहींत, ही माझी पुढची शंका. त्यानें दोन पेले मांडले, एक भरलेला, एक रिकामा. दोहोंत एकेक नळी घालून दोन्ही नळ्या मला तोंडांत धरायला लावल्या. मीं ओढलें, तोंडांत हवाच आली. पंपाचेंही तसेंच होतें. म्हणून एका वेळीं एकच टाकी, आणि दर अर्ध्या तासानें कॉक फिरवून दुसरी.

हा कॉक त्यानें वैमानिकाच्या आसनाच्या डाव्या कडेला, खालीं, मांडीच्या मागच्या बाजूस बसविला होता. नळी तेथें सर्वांत आंखूड पडत होती, सांधे कमी होत होते, आणि पेट्रोल माणसापासून होईल तितकें दूर राहत होतें. रचना नीटस होती. त्याला तिचा अभिमान होता, आणि खरें सांगावयाचें तर मलाही वाटूं लागला होता.

आसन बसवून झालें तेव्हां त्यानें मला कौतुकानें आंत बसविलें आणि कमरेचे व खांद्याचे पट्टे आवळले. मीं कॉककडे हात नेला. तो पोहोंचेना. पुतण्या सहा फूट उंच. मी पांच फूट तीन इंच. पट्टा सैल करून मी वांकलों. डोकें समोरच्या कांचेखालीं गेलें, आणि उजव्या हातांतला दांडा माझ्या नकळत कलला. मी सहज बोलून गेलों, "अरे, आपल्या स्कूटरचा कॉक सीटखालीं होता. भर रस्त्यांत गाडी आचके देऊं लागली, कीं न पाहतां हात खालीं जाऊन रिझर्व्ह लागे." तो हंसेल असें मला वाटलें होतें. तो गप्प झाला.

रविवारीं त्यानें आम्हांला माँटेरेचा समुद्र पाहावयास नेलें. पॅसिफिक ग्रोव्हच्या खडकांवर उभें राहून तो म्हणाला, "जॉन डेन्व्हर येथें गेला." या अमेरिकन गायकाला विमान नवें नव्हतें, 2700 तासांहून अधिक उड्डाण त्याच्या गांठीं होतें. पण 12 ऑक्टोबर 1997 रोजीं तो ज्या विमानांत बसला, तें घरीं बांधलेलें लाँग-ईझी जातीचें विमान त्याच्या हातीं आदल्याच दिवशीं आलें होतें. बर्ट रुटान या रचनाकारानें कॉक वैमानिकाच्या दोन पायांमध्यें दाखविला होता. बांधणाऱ्यानें, पेट्रोल माणसाजवळ नको म्हणून, त्याची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागें नेली. तिच्यावर खूण नव्हती. पेट्रोल किती उरलें हें दाखविणाऱ्या कांचाही पाठीमागें. त्या दिसाव्या म्हणून तेथील कारागिरानें डेन्व्हरला एक आरसा दिला. पेट्रोल भरावयाचें का, असें विचारलें असतां, तासाभराचेंच उड्डाण आहे म्हणून त्यानें नको म्हटलें. चौकशी करणाऱ्या मंडळानें आसनावर माणूस बसवून पाहिलें: मागें वळून मूठ धरूं जातां उजवा पाय आपोआप सुकाणूच्या पायटीवर दाबला जातो. विमान समुद्रांत कोसळलें. डेन्व्हर 53 वर्षांचा होता. मंडळानें पेट्रोल न भरल्याचा आणि अपुऱ्या सरावाचा दोष त्याच्याकडे दिला; पण मुठीच्या जागेचा आणि नसलेल्या खुणांचाही उल्लेख आपल्या निर्णयांत केला.

"ही गोष्ट मला पाठ होती, काका," पुतण्या म्हणाला. "आणि तरीही मीं तेंच केलें."

परततांना मला पाणिनीची अनुवृत्ति आठवत राहिली. मागच्या सूत्रांतलें पद पुढच्या सूत्रांत न लिहितां चालत येतें. सूत्रकाराला तें ठाऊक असतें. नवख्या विद्यार्थ्याला सूत्र अर्धवट वाटतें. आमची वृत्तिकार मंडळी झालीं म्हणून निभावलें. आकाशांत वृत्ति उघडून पाहावयास सवड कोठली? ज्यानें कॉक मागें नेला, त्याला त्याची जागा पाठ असणारच. विमान विकलें गेलें, आणि ती पाठ जागा विमानाबरोबर गेली नाहीं.

पुढचे तीन आठवडे त्यानें केलेलें काम उकलण्यांत गेले. कॉक दोन आसनांच्या मध्यें पुढें आला. मुठीचें टोंक डावीकडे तर डावी टाकी, उजवीकडे तर उजवी. बंद करावयाचा तर आधीं एक खिटी उचलावी लागते. सांधे वाढले, नळीवर वेगळें आवरण घालावें लागलें. नंतर विमानाचें नाक चढणीच्या कोनांत उचलून, इंजिनापाशीं नळी सोडवून, मीं घड्याळ आणि त्यानें मापाचें भांडें धरलें. त्याच्या इंजिनाला पूर्ण जोरावर ताशीं सुमारें 40 लिटर लागतें. पंपानें त्याच्या सव्वापट तरी द्यावें असा दंडक, म्हणजे मिनिटाला सुमारें 833 मिलिलिटर. दोन्ही टाक्यांतून त्याहून अधिक आलें. मीं तो आंकडा त्याच्या वहींत माझ्या अक्षरांत लिहिला.

परत आल्यावर वहिनी भेटावयास आल्या. आमच्या मंडळींनीं त्यांना फोनवर सर्व हकीकत आधींच सांगितली होती, तरी त्यांनीं विचारलेंच, "सोडलें का खूळ?"

"नाहीं," मी म्हणालों. "कॉक पुढें घेतला."

त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आतां तुमचा हात पुरतो ना?"

पुरतो, असें मीं सांगितलें.